नवरा कमावतो म्हणून बेकारभत्ता मिळत नाही? ब्रिटनमध्ये नोकरी गेल्यावर आधी हे तपासा

३० मे २०२५, शुक्रवार. माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात सहा वर्षं काम केलं आणि मार्चमध्ये कळलं की आमची सगळी टीमच कमी करणार आहेत. नोटिशीचे दिवस भरले, लॅपटॉप परत केला, पी-४५ (नोकरी सोडताना कंपनी देते तो पगार-कराचा कागद) हातात घेतला आणि घरी आले. त्याच संध्याकाळी ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. मी भत्त्याचा विषय काढताच त्या म्हणाल्या, "तुझा नवरा कमावतो ना? मग काही मिळायचं नाही. उगाच फॉर्म भरत बसू नकोस."

मी ते खरं मानलं. ऑगस्टमध्ये लेकीला घेऊन लायब्ररीत गेले होते. तिथं सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकांचं टेबल होतं. सहज विचारलं, तर तिथल्या आजींनी उलट मलाच प्रश्न केला, "पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जात होता ना? मग नवऱ्याचं काय विचारताय?"

११ ऑगस्टला मी अर्ज केला. मधले दहा आठवडे गेले ते गेलेच. आठवड्याला ९२.०५ पौंड या दराने ९२० पौंड ५० पेन्स. मागच्या तारखेपासून द्या अशी विनंती केली, पण ठरावीक कारणं असतील तरच तसं देतात आणि "मला माहीत नव्हतं" हे त्यात बसत नाही. तुमचे असे आठवडे जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत, आकडे २०२५-२६ या वर्षाचे. दर एप्रिलला आकडे बदलतात, पण हिशेबाची पद्धत तीच राहते.

भत्ते दोन आहेत, आणि सगळा घोळ तिथंच होतो

त्या ताई पूर्ण चुकीच्या नव्हत्या. त्या युनिव्हर्सल क्रेडिटबद्दल बोलत होत्या. २०१२ च्या कायद्याने आलेला आणि २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेला हा भत्ता घराची गरज बघून मिळतो. त्यात नवऱ्याचा पगार, बायकोची बचत, दोघांचं सगळं एकत्र धरतात. लग्न झालेलं नसलं तरी जोडपं म्हणून एका घरात राहत असाल तर तेच.

दुसऱ्याचं नाव न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स. सगळे त्याला जेएसए म्हणतात. हा तुमच्या स्वतःच्या वर्गणीवर मिळतो. नोकरी करताना दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स भरलात ना, त्याच्या बदल्यात. इथं नवरा किती कमावतो, बायकोच्या खात्यात किती आहेत, घरात बचत किती, यातलं काहीही बघत नाहीत. जोडीदाराचा पगार वर्षाला ९०,००० पौंड असला तरी तुमचे ९२.०५ पौंड तुम्हाला मिळतात.

हा फरक आजचा नाही. १९११ च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्यात जहाजबांधणी, बांधकाम अशा मोजक्या उद्योगांतल्या कामगारांसाठी बेकारीचा विमा आला, तो वर्गणीवरच. मग मंदी आली आणि १९३१ मध्ये सरकारने घराची झडती घेतल्यासारखी मिळकतीची तपासणी सुरू केली. बापाचा भत्ता ठरवताना त्याच घरात राहणाऱ्या कमावत्या मुलामुलींचा पगारही धरायचे. लोकांच्या मनात त्याचा राग इतका साठला की पुढे १९४२ च्या, सामाजिक विम्यावरच्या बेव्हरिज अहवालात वर्गणीवर हक्काने मिळणाऱ्या भत्त्याचा आग्रह धरला गेला. जेएसए हा त्याच हक्काचा उरलेला भाग आहे. म्हणूनच तो मागताना कोणी संकोच करू नये असं मला फार वाटतं. आपल्याकडच्या बायका विशेषतः "घरात एक पगार येतोय ना" म्हणून गप्प बसतात. ही मदत नाही. भरलेल्या विम्याचा तो दावा आहे.

जेएसए: वर्गणी नेमकी कोणत्या वर्षांची बघतात

वय २५ किंवा जास्त असेल तर आठवड्याला ९२.०५ पौंड, त्याखाली ७२.९० पौंड. जास्तीत जास्त १८२ दिवस, म्हणजे सहा महिने. स्वतःचं छोटं काम चालू असेल तर ते आठवड्याला १६ तासांच्या आत हवं, आणि त्यातले ५ पौंड सोडून बाकीची कमाई भत्त्यातून वजा होते. हा भत्ता करपात्र आहे, हेही लक्षात असू द्या.

आता वर्गणी. लोकांना वाटतं की नोकरी गेली त्याच्या आधीचं वर्ष बघत असतील. तसं नाही. ज्या कॅलेंडर वर्षात अर्ज कराल, त्याच्या आधी पूर्ण झालेली दोन करवर्षं बघतात. करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. मी २०२५ मध्ये अर्ज केला, म्हणून माझी २०२२-२३ आणि २०२३-२४ ही वर्षं बघितली. २०२६ मध्ये अर्ज करणाऱ्याची २०२३-२४ आणि २०२४-२५ बघतील. वर्गणी क्लास १ ची, म्हणजे नोकरदाराची लागते. स्वतःचा धंदा करणाऱ्यांची क्लास २ ची वर्गणी यात धरत नाहीत.

यातून एक गोष्ट निघते, ती कोणी आपणहून सांगत नाही. समजा तुम्ही एप्रिल २०२३ मध्ये इथं येऊन नोकरीला लागलात आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नोकरी गेली. तेव्हाच अर्ज केलात तर २०२२-२३ हे वर्ष कोरं दिसेल आणि नकार येईल. पण हे वर्ष मोजण्याचं चक्र जानेवारीच्या पहिल्या रविवारी पुढे सरकतं. २०२६ मध्ये तो ४ जानेवारीला येतो. त्यानंतर अर्ज केलात तर दोन्ही वर्षं भरलेली दिसतील. एकदा नकार आला म्हणून कायमचा आला असं धरू नका. जानेवारीनंतर पुन्हा बघा.

आपली वर्गणी भरलेली आहे का, हे गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स रेकॉर्डमध्ये दिसतं. वर्षागणिक "फुल इयर" लिहिलेलं असतं. मी ते पान उघडलं तेव्हा सहाही वर्षं भरलेली होती, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं माझ्या पगारातून जे जात होतं, त्याची कुठंतरी नोंद होती.

अर्ज ऑनलाइन. नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील, पी-४५ आणि गेल्या सहा महिन्यांच्या कामाची माहिती जवळ ठेवा. नंतर जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात बोलावतात, वर्क कोच, म्हणजे तुमचं प्रकरण बघणारा तिथला कर्मचारी भेटतो आणि क्लेमंट कमिटमेंट ठरते, म्हणजे तुम्ही आठवड्याला काम शोधण्यासाठी काय काय करणार याची लेखी कबुली. ती गांभीर्याने घ्या. मी एक साधी वही केली होती: तारीख, कंपनी, पद, अर्ज कुठून केला, उत्तर काय आलं. प्रत्येक भेटीला ती वही उघडून पुढे ठेवायचे, त्यामुळे वर्क कोचला विचारायला फारसं काही उरायचं नाही.

दोन सूचना. नोकरी स्वतःहून सोडली असेल आणि सबळ कारण दाखवता आलं नाही, तर भत्ता ९१ दिवसांपर्यंत रोखू शकतात, म्हणून राजीनामा द्यायला भाग पाडलं असेल तर त्याचे ईमेल जपून ठेवा. आणि दिवाळीला भारतात जायचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर जॉबसेंटरला आधी सांगा. देशाबाहेर असताना हा भत्ता सहसा बंद होतो.

युनिव्हर्सल क्रेडिट: नवऱ्याची पे-स्लिप टेबलावर ठेवून

जेएसएचा अर्ज केल्यावर आम्ही दोघं एका रात्री पे-स्लिप, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आपल्याला काही मिळतं का, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कसं मोजतात ते आमच्याच आकड्यांवर दाखवते.

आधी घराला जास्तीत जास्त किती मिळू शकतं ते काढायचं. जोडप्यातला एक तरी २५ वर्षांचा किंवा मोठा असेल तर महिन्याला ६२८.१० पौंड. दोघंही त्याहून लहान असतील तर ४९७.५५. आमची लेक २०१८ ची, तिचे २९२.८१. घर कर्जावर घेतलेलं, म्हणून घरभाड्याचा भाग नाही. बेरीज ९२०.९१ पौंड.

मग पगार. नवऱ्याच्या हातात महिन्याला २,१०० पौंड येतात. घरात मूल असेल, किंवा दोघांपैकी कोणाची काम करण्याची क्षमता आजारपणामुळे मर्यादित ठरलेली असेल, तर पगारातला ठरावीक भाग सोडून देतात. त्याला वर्क अलाउन्स म्हणतात. घरभाड्याची मदत मिळत नसेल तर ६८४ पौंड, मिळत असेल तर ४११. आमचे २,१०० मधून ६८४ गेले, उरले १,४१६. या उरलेल्या रकमेतल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. म्हणजे ७७८.८० पौंड. ९२०.९१ वजा ७७८.८०, हातात १४२.११ पौंड.

नवरा म्हणाला, "अगं, म्हणजे माझ्या पगारामुळे अगदीच शून्य नाही झालं."

नाही झालं. पण मूल नसतं तर झालं असतं. मूल नाही, भाड्याची मदत नाही, आजारपण नाही, असं जोडपं असेल तर वर्क अलाउन्स मिळत नाही आणि पहिल्या पौंडापासून ५५ पेन्स कापले जातात. ६२८.१० ला ०.५५ ने भागा, १,१४२ येतात. जोडीदाराचा हातातला पगार महिन्याला १,१४२ पौंडांवर गेला की अशा घराला युनिव्हर्सल क्रेडिट शून्य. उलट आमच्यासारखंच घर भाड्याचं असतं आणि भाड्यापोटी ९०० पौंड धरले असते, तर त्याच २,१०० च्या पगारावर महिन्याला ८९१.९६ पौंड मिळाले असते. पगार तोच, नवरा तोच, फक्त भाड्याच्या घरात राहण्याने एवढा फरक. म्हणून "इतका पगार असला की मिळत नाही" असा एकच आकडा कोणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या घराचा आकडा तुमचाच असतो.

"हातातला पगार" म्हणजे काय, हेही नीट बघा. आयकर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी वजा करून उरतो तो. पण विद्यार्थी कर्जाचा हप्ता ते वजा करत नाहीत. पगारातून सायकल योजनेचे किंवा रेल्वे पासच्या कर्जाचे पैसे कापले जात असतील तर पे-स्लिपच्या तळाचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळेलच असं नाही. पेन्शनचं मात्र उलट. जोडीदाराने पेन्शनमध्ये जास्त भरले आणि मोजल्या जाणाऱ्या कमाईतून १०० पौंड कमी झाले, तर ५५ पौंड भत्त्यातून परत येतात. महिन्याचं भागत असेल तर या गोष्टीचा विचार जरूर करा.

पगाराचा आकडा तुम्ही कळवायचा नसतो. कंपनी पगार दिला की तो एचएमआरसीला, म्हणजे कर खात्याला कळवते आणि तिथून तो आपोआप पोचतो. भानगड होते ती तारखांची. तुम्ही अर्ज करता त्या तारखेपासून एक-एक महिन्याचे कप्पे पडतात, त्यांना असेसमेंट पीरियड म्हणतात. त्या कप्प्यात जो पगार आला तो मोजतात. जोडीदाराला दर चार आठवड्यांनी पगार असेल तर वर्षातून एका कप्प्यात दोन पगार पडतात आणि त्या महिन्याचा भत्ता कोसळतो. ते आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या महिन्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. महिन्याला पगार असेल आणि बँकेची सुट्टी आल्यामुळे दोन पगार एका कप्प्यात आले, तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये (निरोपांच्या वहीत) लिहून एक पगार दुसऱ्या महिन्यात धरायला सांगता येतं.

याच कारणाने तुमचा शेवटचा पगार, सुट्ट्यांचे पैसे आणि जोडीदाराचा बोनस एकाच कप्प्यात येणार असतील, तर ते खात्यावर पडून गेल्यावर अर्ज केलेला बरा पडू शकतो. जेएसएचं मात्र असं नाही. वर्गणीची दोन्ही वर्षं भरलेली असतील तर तिथं एक दिवसही थांबू नका.

दोन्ही एकदम मागता येतात का?

येतात. पण जेएसएचा प्रत्येक पौंड युनिव्हर्सल क्रेडिटमधून पूर्ण वजा होतो, ५५ पेन्स नाही. आठवड्याचे ९२.०५ म्हणजे महिन्याला साधारण ३९८.८८. आमच्या १४२.११ मधून ते वजा केले की काहीच उरत नाही. म्हणून आमच्यासाठी फक्त जेएसए. भाड्याच्या घराचं वर दिलेलं उदाहरण घेतलं, तर ८९१.९६ मधून ३९८.८८ जाऊन ४९३.०८ उरतात, एकूण बेरीज तीच. तरीही मी जेएसए घ्या असंच सांगेन. युनिव्हर्सल क्रेडिटचे पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात, आणि ते जोडप्याच्या एकाच खात्यात जातात. जेएसए तुमच्या नावावर, तुमच्या खात्यात येतो. नोकरी गेलेल्या माणसाला, मग ती बाई असो की पुरुष, स्वतःच्या खात्यात थोडे तरी पैसे येणं किती आधाराचं असतं ते मी अनुभवलं आहे.

बचत, आणि भारतातला फ्लॅट

आपल्या लोकांचं खरं अडतं ते इथं, आणि इथंच लोक नकळत चुका करतात.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये दोघांची मिळून बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर काहीच मिळत नाही. ६,००० पर्यंत काही फरक पडत नाही. मधल्या पट्ट्यात ६,००० च्या वरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे, किंवा त्याच्या भागामागे, महिन्याला ४.३५ पौंड वजा होतात. जोडप्याला मर्यादा दुप्पट नाही, एकट्याची तीच दोघांची. नोकरी गेल्यावर मिळालेली रिडंडन्सीची रक्कमही बचतीत धरतात.

आमची मिळून ८,५०० पौंड होती. वरचे २,५००, म्हणजे दहा वेळा २५०, म्हणजे ४३.५० पौंड. १४२.११ चे ९८.६१ झाले.

आणि नाशिकचा फ्लॅट? तो नवऱ्याच्या नावावर. इथं राहता ते घर सोडलं तर जगात कुठंही असलेली मालमत्ता बचतीत धरतात. भारतातल्या मुदत ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, फ्लॅट, वडिलोपार्जित जमिनीतला तुमचा हिस्सा, सगळं. सातबाऱ्यावर नाव आहे पण जमीन भाऊ कसतो, असं असलं तरी ते सांगावं लागतं, हिस्स्याला बाजारात काय किंमत येईल ते बघतात. मालमत्तेच्या बाजारभावातून विक्रीखर्चापोटी १० टक्के आणि तिच्यावरचं कर्ज वजा करतात, उरेल ती बचत. अर्ज करण्याआधी घाईघाईने भावाच्या नावावर करून टाकू नका. भत्ता मिळावा म्हणून मालमत्ता काढून टाकली असं दिसलं, तर ती तुमच्याकडे आहे असंच धरतात, आणि वर चौकशी लागते ती वेगळी.

पण नियमांत एक सूट आहे आणि ती आपल्या घरांना अगदी जवळची आहे. त्या घरात तुमचे जवळचे नातेवाईक स्वतःचं घर म्हणून राहत असतील, म्हणजे आई, वडील, सासू, सासरे, आणि त्यांचं वय पेन्शन क्रेडिटच्या (उतारवयातल्यांसाठीच्या इथल्या सरकारी मदतीच्या) पात्रतेचं झालेलं असेल, तर ते घर धरत नाहीत. आमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या, एकट्या त्या फ्लॅटमध्ये राहतात. ही सूट आपोआप लागणार नाही. फ्लॅट लपवायचा नाही, लिहायचाच, आणि शेजारी लिहायचं की तिथं कोण राहतं आणि त्यांचं वय काय. त्यांच्या आधार कार्डाची प्रत आणि त्यांच्या नावावर येणारं विजेचं बिल आम्ही मागवून ठेवलं होतं.

जेएसएमध्ये यातलं काहीही नाही. बचत नाही, फ्लॅट नाही, जमीन नाही.

व्हिसा

ई-व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट असेल तर हा भाग दोनदा वाचा. युनिव्हर्सल क्रेडिट पब्लिक फंडात येतं, ते तुम्ही मागायचं नाही. जेएसए पब्लिक फंडात येत नाही, कारण तो तुमच्या वर्गणीचा आहे. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करत होतात, वर्गणी भरली होती आणि नोकरी गेली, तर तुम्ही तो मागू शकता. ज्यांचा स्वतःचा व्हिसाच नोकरीवर टिकून आहे, त्यांनी मात्र भत्त्याआधी व्हिसाचं बघावं आणि इमिग्रेशनच्या वकिलाला लगेच भेटावं.

एकाला कायम राहण्याचा परवाना आणि दुसऱ्यावर ही अट, अशी जोडपी आपल्यात पुष्कळ आहेत. माझी एक मैत्रीण यात अडकली होती. तिला परवाना, नवऱ्यावर अट. अशा वेळी परवाना असलेल्याने एकट्याने अर्ज करायचा असतो. दर एकट्याचा लागतो, ६२८.१० ऐवजी ४००.१४ पौंड. पण जोडीदाराचा पगार आणि बचत मात्र पूर्ण धरतात. हे कडू आहे, मलाही ते बरोबर वाटत नाही. पण आधी माहीत असलं की अर्जात जोडीदार नाहीच असं लिहिण्याची चूक होत नाही. त्या चुकीचे पैसे नंतर परत द्यावे लागतात.

जोडीदार काही महिन्यांसाठी भारतात गेला असेल, आईवडिलांच्या आजारपणाला किंवा कंपनीच्या कामाला, आणि सहा महिन्यांच्या आत परत येणार असेल, तर तुम्ही जोडपंच आहात. त्याची कमाई सांगायची.

अर्ज करताना आणि नंतर

युनिव्हर्सल क्रेडिटसाठी दोघांनी आपापलं खातं उघडायचं आणि एकाला मिळालेला कोड दुसऱ्याने घालून ती जोडायची. दोघांनाही कमिटमेंट मान्य करावी लागते, नोकरी करणाऱ्यालाही. पाच आठवडे काढणं शक्य नसेल तर आगाऊ रक्कम मिळते, पण ती कर्जाऊ असते आणि पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. एका खात्यात पैसे जाण्याने घरात कोणी दुसऱ्याला पैशावाचून ठेवत असेल, छळ होत असेल, तर रक्कम विभागून मागता येते. हे जर्नलमध्ये लिहायचं नसेल तर फोनवर किंवा जॉबसेंटरमध्ये एकांतात सांगा.

जोडीदाराच्या पगाराने एखाद्या महिन्यात भत्ता शून्य झाला तर घाबरू नका. सहा महिन्यांच्या आत पगार घसरला तर पुन्हा दावा करता येतो, आणि महिन्याचे कप्पे जुनेच राहतात.

निर्णय चुकीचा वाटला तर एक महिन्याच्या आत मॅंडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार मागा. कोणती रक्कम चुकली, कोणत्या कागदावर ती दिसते, एवढंच थोडक्यात लिहा. तिथंही नाही जमलं तर ट्रायब्युनलकडे अपील. अर्जाच्या आधी टर्न-टू-अस किंवा एनटायटल्ड-टूच्या कॅल्क्युलेटरवर आपले आकडे टाकून बघा, आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा फॉर्म भरायला कोणी सोबत हवं असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची हेल्प टू क्लेम सेवा फुकट आहे. कौन्सिल टॅक्समधली (इथल्या घरपट्टीसारख्या करातली) सूट मात्र तुमच्या स्थानिक कौन्सिलकडे वेगळी मागावी लागते. ती विसरून बऱ्याच जणांचे पैसे जातात.

राहिलं ते एक. सगळं तपासून जेएसएची पात्रता नाही आणि नवऱ्याच्या पगारामुळे युनिव्हर्सल क्रेडिटही शून्य, असं झालं तरी काम शोधत असाल तर जेएसएचा अर्ज फक्त नॅशनल इन्शुरन्सच्या क्रेडिटसाठी, म्हणजे वर्गणी न भरताही रेकॉर्डवर होणाऱ्या नोंदीसाठी करता येतो. पैसे मिळत नाहीत, पण घरी बसलेले ते महिने तुमच्या सरकारी पेन्शनच्या हिशेबात कोरे राहत नाहीत. ती पेन्शन पूर्ण मिळायला ३५ वर्षं लागतात आणि काहीतरी मिळायला किमान १०. उशिरा इथं आलेल्या आपल्यासारख्यांना एकेक वर्ष मोलाचं असतं. १८२ दिवस संपल्यावरही ही क्रेडिट चालू ठेवता येतात.

मला नोव्हेंबरमध्ये नवी नोकरी लागली. पहिला पगार यायच्या आधी मी रेकॉर्डचं ते पान पुन्हा उघडून ठेवलं आहे, २०२५-२६ च्या ओळीत काय येतं ते बघायला. तुमचं पान आजच उघडा, आणि ज्या दोन करवर्षांवर तुमचा अर्ज ठरेल त्यांच्यापुढे "फुल इयर" आहे का ते बघा.